रक्त दोघांचं, दोष एकटीचा?



‘रक्त कमी आहे’ हे वाक्य ऐकलेलं नाही अशी बाई आपल्या भागात शोधूनही सापडायची नाही. डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची, लोहाच्या गोळ्या हातात ठेवायच्या आणि ‘पालेभाजी खात जा’ असं सांगून पुढच्या बाईला बोलवायचं, एवढ्यावर आपल्या आरोग्याची चौकशी संपते. सांधे ठणकतात, हाडं फुटल्यासारखी होतात, डोळे पिवळे दिसतात. पण बाईचं अंग दुखणं ही काय सांगायची गोष्ट झाली? घरचे म्हणतात कामाचा कंटाळा, शेजारचे म्हणतात बाहेरचं काही असेल, आणि बाई स्वतः म्हणते, होईल बरं.

विदर्भात या ‘रक्त कमी’च्या मागे कित्येकदा सिकलसेल दडलेला असतो. या वेळी त्यावर लिहायला कारण आहे. गेल्या काही वर्षांत या आजाराचं निदान आणि उपचार यांबद्दलचं संशोधन बरंच पुढे गेलं आहे. सरकारी तपासणीही गावोगाव पोचते आहे. पण औषध बाईपर्यंत पोचायच्या आधी तपासणीचा कागद तिच्या सासरी पोचतो. हे असं का होतं, आणि ते बदलायचं कसं, याचा विचार आपण बायकांच्या संघटनांनी करायला हवा.

आधी आजार समजून घेऊ. सिकल म्हणजे विळा. आपल्या हातात रोज असतो तोच. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचीक असतात. या आजारात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. जिथे रक्त पोचत नाही तिथे असह्य कळा सुरू होतात. साध्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, या जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून रक्त कायम कमी. पाणथरी निकामी होत जाते, म्हणून लहान मुलांना जंतुसंसर्ग चटकन होतो आणि तो जिवावर बेततो. हा आजार जन्मापासून असतो. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने तो होत नाही. करणीने किंवा मागच्या जन्मीच्या पापानेही होत नाही.

तो आई आणि बाप दोघांकडून येतो. दोघांकडून, हे पुन्हा सांगायला हवं. एकाकडूनच आला तर मूल ‘वाहक’ होतं. वाहक म्हणजे रोगी नव्हे. वाहक माणूस साधारणपणे इतरांसारखंच आयुष्य जगतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक, नुसतं वाहक होण्याची चारात दोन आणि काहीच नसण्याची चारात एक असते. हा हिशेब दर वेळी नव्याने सुरू होतो. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली’ असं काही नसतं.

भारतात हा आजार पहिल्यांदा १९५२ साली नीलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदला गेला. १९५८ साली मध्य भारतातल्या लोकांमध्येही तो असल्याचं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आलं. आपल्याकडे गोंड, कोलाम, परधान अशा आदिवासी जमातींत, बौद्ध समाजात आणि काही मागास जातींत तो जास्त दिसतो. याचा अर्थ त्या जातींच्या रक्तात खोट आहे असा मुळीच नाही. वाहक असलेल्या माणसाला जीवघेण्या मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकून राहिलं, आणि जातीतच लग्नं करण्याच्या आपल्या रीतीने ते तिथेच फिरत राहिलं. ज्यांच्याकडे जमीन नाही, पैसा नाही, सत्ता नाही, त्यांच्यात हा आजार अधिक. त्याच्याकडे इतकी वर्षं दुर्लक्ष का झालं, हे वेगळं सांगायला नको.

आता संशोधनाकडे येऊ. फार वर्षं असं समजलं जात होतं की भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपण ज्याला ‘मेडिकल’ म्हणतो तिथे, डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचा बारकाईने अभ्यास केला. मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेबरोबर त्यांनी बाळांची जन्मतःच तपासणी करून पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०१६ साली हे काम प्रसिद्ध झालं. मध्य भारतातला हा आजार सौम्य मानून चालणार नाही, मुलं वारंवार आजारी पडतात, त्यांना रक्त द्यावं लागतं, हे त्यातून पुढे आलं. ‘पोर अशक्तच आहे’ म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी मुलांचं दुखणं त्यामुळे खरं ठरलं. त्यांच्या आया हेच सांगत होत्या, पण त्यांचं कोणी लिहून घेतलं नव्हतं.

तपासणीही सोपी झाली आहे. जुनी ‘सोल्युबिलिटी’ चाचणी स्वस्त आहे, पण रोगी आणि वाहक यांतला फरक तिला सांगता येत नाही. तो इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचणीतूनच कळतो. आता बोटाच्या थेंबभर रक्तावर, गावातच, काही मिनिटांत हा फरक दाखवणाऱ्या पट्ट्या निघाल्या आहेत. तेव्हा पहिल्या चाचणीच्या ‘पॉझिटिव्ह’ शब्दावर कोणाच्या आयुष्याचा निकाल लावायचं आता काही कारण उरलेलं नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं औषधाचं. हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी नवी नाही आणि फार महागही नाही. १९९५ साली अमेरिकेत २९९ मोठ्या माणसांवर झालेल्या अभ्यासात या गोळीने कळांचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले, आणि फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवण्यात आला. २०१२ साली नागपूरच्या ६० मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी आणि ठरावीक मात्रेतही झटके, दवाखान्यातल्या भरत्या आणि रक्त चढवण्याची गरज खूप कमी होते, हे त्याने दाखवलं. २०१९ साली आफ्रिकेतल्या चार देशांतल्या मुलांच्या अभ्यासातही गोळीचा उपयोग दिसला. गोळी चालू असताना ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं, एवढी काळजी मात्र घ्यायलाच हवी. दुसरीकडे, २०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत जनुकात दुरुस्ती करणारा उपचार मंजूर झाला. त्याची तिथली किंमत एका माणसामागे सुमारे २२ लाख डॉलर आहे! आणि व्हॉक्सेलोटर हे गाजलेलं महागडं औषध कंपनीने २०२४ साली सुरक्षिततेच्या कारणाने जगभरातून मागे घेतलं. नव्याच्या मागे धावण्याआधी आपली मागणी साधी असली पाहिजे: जी स्वस्त गोळी ठाऊक आहे ती प्राथमिक आरोग्य केंद्रात बाराही महिने मिळाली पाहिजे.

पण या सगळ्या संशोधनात बाई कुठे आहे? औषधांच्या अभ्यासांतून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना बहुतेक वेळा वगळलं जातं. त्यामुळे ज्या काळात बाईला सर्वांत जास्त धोका, त्याच काळात डॉक्टरांच्या हाती सर्वांत कमी माहिती. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये सिकलसेल असलेल्या बायकांच्या गरोदरपणाबद्दलच्या आपल्या पहिल्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. हा आजार असलेल्या बाईच्या बाळंतपणाशी निगडित मृत्यूचा धोका इतर बायकांच्या ४ ते ११ पट असतो, असं संघटनेने सांगितलं. कळा थांबवणं, जंतुसंसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्या टाळणं, गरजेप्रमाणे रक्त देणं, आणि बाईला मानाने वागवणं, हे सगळं त्यात आलं आहे. हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्या बाईने मूल होऊ देण्याआधी डॉक्टरांशी बोललं पाहिजे, हे तिला गोळी सुरू करतानाच सांगायला हवं. पुरुषांच्या शुक्राणूंवरही या गोळीचा परिणाम होऊ शकतो; ते मात्र कोणी नवऱ्याला सांगताना दिसत नाही.

बघितलं तर दिसतं, याचा एक दाखला आपल्या शेजारचाच आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ते काम ‘लॅन्सेट’मध्ये आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्यांतल्या जेमतेम ८ टक्के बायकांची त्याआधी कधी तशी तपासणी झाली होती. सिकलसेलचंही तसंच आहे. बाईचं दुखणं तिच्या तोंडून ऐकायचं ठरवलं तरच ते सापडेल.

आजार रक्तातला असला तरी तो उसळतो कशाने? शरीरातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली, अतिश्रम झाले, ताप आला की झटका येतो. आता आपल्या समुद्रपूर तालुक्यातल्या बाईचा दिवस आठवा. कापूस वेचायला, सोयाबीन सवंगायला ती सकाळी जाते. शेतात आडोसा नाही, म्हणून ती मुद्दाम पाणी पीत नाही. डॉक्टर सांगतात भरपूर पाणी प्या, विश्रांती घ्या. मजुरी बुडवून विश्रांती कशी घ्यायची, आणि पाणी पिऊन लघवीला जायचं कुठे? शेतातल्या आडोशाचा प्रश्न हाही सिकलसेलच्या उपचाराचा भाग आहे. पण कुठल्याही औषधाच्या चिठ्ठीवर तो लिहिला जात नाही.

आणि आता लग्नाचा प्रश्न. १ जुलै २०२३ रोजी शहडोल इथे राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन करायचं, असं उद्दिष्ट ठरलं. तपासलेल्यांना रंगीत कार्डं दिली जातात. लग्नाआधी दोघांनी कार्डं जुळवून पाहावीत, अशी कल्पना आहे. माहिती मिळणं चांगलंच. पण आपल्या समाजात कागद कोणाचा मागितला जातो? मुलीचा. गरोदर बाईची तपासणी आधी होते, कारण ती दवाखान्यात येते. ती वाहक निघाली की बोभाटा होतो. नवऱ्याला बोलावलं तर तो येत नाही, सासू म्हणते आमच्या घराण्यात असं काही नाही. मूल आजारी निघालं तर ‘हिने आणलं’. माहेरी धाडलेल्या, दुसऱ्या लग्नाची धमकी ऐकणाऱ्या मैत्रिणी आपल्या बैठकांना येतात. त्यांना कार्ड मिळालं, पण आधार कोणी दिला नाही. जुन्या पत्रिकेच्या जागी रक्ताची पत्रिका आली, एवढंच.

‘निर्मूलन’ या शब्दाबद्दलही आपण सावध राहिलं पाहिजे. आजार संपवायचा म्हणजे आज जगणाऱ्या माणसांना बरं जगू द्यायचं, की त्यांच्यासारखी मुलं जन्मू द्यायची नाहीत? गर्भाची सिकलसेलसाठी तपासणी १९९४ च्या कायद्याने करता येते. गर्भपाताचा कायदाही आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत काही बाबतींत वाढली. हे मार्ग बाईला माहीत असलेच पाहिजेत. पण निर्णय तिचा असला पाहिजे. तो सासरचा नसावा, डॉक्टरांचा नसावा आणि मोहिमेच्या आकड्यांसाठी तर नसावाच. मूल ठेवायचं ठरवणाऱ्या बाईला आणि न ठेवायचं ठरवणाऱ्या बाईला सारखीच सोबत मिळायला हवी.

मग आपण काय करायचं? पहिलं म्हणजे, आपल्या गावात तपासणी होईल तेव्हा पुरुषांची, नवऱ्यांची तपासणी तेवढीच झाली का, हे विचारायचं. दुसरं, अहवाल ज्याचा त्याला, एकांतात, समजावून दिला जातो का, हे पाहायचं. चावडीवर नावं वाचली जात असतील तर ती थांबवायची. तिसरं, आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक अ‍ॅसिड आणि लहान मुलांसाठी पेनिसिलिन आहे का, याची दर महिन्याला नोंद ठेवायची. गोळी संपली की रोग्याला झटका येतो, आणि गाडीभाडं काढून हिंगणघाट, सेवाग्राम किंवा नागपूर गाठावं लागतं. चौथं, नेहमीच्या लोहाच्या गोळ्यांनी फरक पडत नसेल, डोळे पिवळे होत असतील, हाडांत कळा येत असतील, तर सिकलसेलची पक्की चाचणी मागायची. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद मात्र करायच्या नाहीत. पाचवं, हक्कांची माहिती पोचवायची. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, दाखला मिळतो. पण त्याच कायद्यातल्या नोकरीच्या आरक्षणात या आजाराला जागा नाही. तो लढा अजून बाकी आहे.

गिरडच्या टेकडीवर फरीदबाबांच्या दर्ग्याला सगळ्या जातिधर्मांच्या बायका आजारी लेकरू घेऊन नवस बोलायला येतात. त्यांना हसायचं नाही. दुसरा कोणी ऐकत नाही म्हणून त्या तिथे जातात. त्यांच्याजवळ बसून, त्यांचं सगळं ऐकून घेऊन, दोनच गोष्टी सांगायच्या: लेकराचं रक्त तपासून घे, आणि बापालाही सोबत आण. हे काम पत्रकं वाटून होत नाही. ते एकेका बाईजवळ बसून करावं लागतं, आणि ते आपल्यालाच जमतं.