मशेरी, मेंदू आणि आपला उपदेश

तंबाखूच्या व्यसनास आपण वैद्यमंडळी सर्रास प्रज्ञापराध म्हणतो आणि मनोनिग्रहाचा उपदेश करून मोकळे होतो. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे हेच केले. आम्लपित्तासाठी येणाऱ्या एका प्रौढ भगिनींची मशेरी सुटत नव्हती. "तुमची इच्छाच नाही," असे मी त्यांना एकदा सुनावले. त्या पुन्हा चिकित्सालयात आल्या नाहीत. अज्ञान माझे होते.

निकोटीन रक्तावाटे मेंदूत पोहोचून तेथील ठरावीक रिसेप्टर्सवर बसते, डोपामिन स्रवते आणि तरतरी येते. नित्य सेवनाने या रिसेप्टर्सची संख्याच वाढते. ओकसात्म्याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. रक्तातील निकोटीन साधारणतः दर दोन तासांनी निम्मे होते. त्यामुळे रात्रभराच्या झोपेनंतर मेंदूची मागणी तीव्र असते आणि नेमका तेव्हाच हात मशेरीच्या डबीकडे जातो. मशेरीवाचून शौचास होत नाही, ही तक्रारही (जिला आपण हसतो) बहाणा नव्हे. निकोटीन बंद होताच अनेकांस मलावष्टंभ होतो.

'सायन्स' या नियतकालिकात २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूतील इन्सुला या भागास इजा झालेल्या काही धूम्रपींची तलफच नाहीशी झाल्याचे त्यात आढळले. तलफेला मेंदूत असे स्थान असेल, तर तिला निव्वळ स्वभावदोष कसे म्हणावे?

अहितकर सवय चतुर्थांशाने सोडविण्याचा क्रम चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात आहेच. तो येथे योजावा. मात्र माझ्या मते दुपारची व रात्रीची मशेरी आधी कमी करावी, पहाटेची सर्वांत शेवटी. पूर्ण बंद केल्यानंतरचा पहिला आठवडा फार कठीण जातो. चिडचिड होते, झोप उडते. त्या आठवड्यात रुग्णास दोनदा तरी बोलवावे आणि अनुलोमन औषध आधीच हाती द्यावे.

औषधी दुकानदार बंधूंनी 'आठ दिवसांत तंबाखू बंद' अशी हमी देणारी चूर्णे फळीवर ठेवू नयेत. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी आहे, हेही ग्राहकास सांगावे. तलफ अगदीच आवरत नसेल तर निकोटीनचे च्युइंगम सुचविण्यात आपल्या शास्त्रास कमीपणा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच निकोटीनच्या पर्यायी उपचारास आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले आहे.