थिजणारे तेल आणि अर्थकारण

देशात तेल सापडल्याची वार्ता आली, की चर्चा होते ती साठ्याची आणि वाचणाऱ्या परकीय चलनाची. ते तेल शुद्धीकरण कारखान्यापर्यंत पोहोचणार कसे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. राजस्थानातील बाडमेरच्या मंगला क्षेत्राने तो ठळकपणे पुढे आणला. २००४ साली तेथे तेल सापडले, २००९ साली उत्पादन सुरू झाले. परंतु त्यात मेणाचे प्रमाण इतके, की चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपासच ते थिजू लागते. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली उलटी करूनही थेंब पडू नये, तशीच ही गत. म्हणून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ६७० किलोमीटरची वाहिनी तापती ठेवण्याची व्यवस्था करावी लागली.

दुसरा मार्ग रसायनाचा. तेल निवू लागले, की मेणाचे पापुद्रे परस्परांत गुंतून जाळे तयार होते आणि तेल त्यात अडकते. दहा लाख भागांस काही शे भाग इतक्या अल्प प्रमाणात मिसळलेले बहुवारिक द्रव्य मेणाच्या स्फटिकांचे रूप पालटते आणि हे जाळे विणले जाऊ देत नाही. मेण नाहीसे होत नाही. ते केवळ वाट अडवीत नाही. मात्र तेल गरम असतानाच हे द्रव्य मिसळावे लागते. आसामचे तेल बरौनीस नेताना आरंभी ते तापवून ठरावीक गतीने निववीत. पुढे तेथेही रसायनाचा आधार घेण्यात आला.

या दोन मार्गांतील निवड केवळ तांत्रिक नव्हे. उष्णतेच्या व्यवस्थेत प्रारंभीच मोठे भांडवल गुंतते. रसायनाचा खर्च वाहणाऱ्या तेलाबरोबर वाढतो व घटतो. क्षेत्र जुने होऊन उत्पादन उतरले, की भांडवलाचा भार प्रत्येक पिंपावर अधिक पडतो, आणि मंद वाहणारे तेल अधिक निवतेही. तेव्हा आज स्वस्त वाटणारा मार्ग वीस वर्षांनी स्वस्त राहीलच, असे नाही.

शिवाय एका क्षेत्राच्या तेलास लागू पडणारे द्रव्य दुसऱ्यास लागू पडेलच, असे नसते. परदेशातून तयार माल आणून हा प्रश्न कायमचा सुटणार नाही. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेसारख्या प्रयोगशाळांवर होणारा खर्च म्हणूनच चैन ठरत नाही. गरजेच्या चार-पंचमांशाहून अधिक खनिज तेल आयात करणाऱ्या देशाने स्वदेशी तेलाचा हिशेब विहिरीच्या तोंडाशीच मिटवू नये. जमिनीतले तेल ही केवळ शक्यता होय. ते वाहू लागले, तरच ती संपत्ती ठरते.