श्रवणाचे श्रम

लग्नाच्या मांडवात एखाद्या वयोवृद्ध गृहस्थाला कोणी काही विचारले आणि त्यांनी भलतेच उत्तर दिले, की ‘यांचे लक्षच नसते’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. परंतु त्या गोंगाटात एकेक शब्द वेचण्यासाठी त्यांचा मेंदू जी पराकाष्ठा करीत असतो, तिची दखल आपण घेत नाही, हा मला उघड अन्याय वाटतो.

ऐकण्याच्या बाबतीत ध्वनिलहरींचे विद्युत्संदेशांत रूपांतर करणे हे अंतर्कर्णाचे काम. त्या संदेशांतून अर्थ उभा करण्याचे, आणि मजकूर जेथे तुटला असेल तेथे तो अनुमानाने भरून काढण्याचे काम मेंदूचे. १९७० साली रिचर्ड वॉरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ध्वनिमुद्रित वाक्यातील एक वर्ण समूळ काढून त्याच्या जागी खोकल्याचा आवाज घातला, तेव्हा बहुतेक श्रोत्यांना काही गळले आहे याची जाणीवसुद्धा झाली नाही. मात्र ही भरपाई नेहमीच फुकट होत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक रॅबिट यांनी १९६८ साली आकड्यांच्या याद्या ऐकविल्या; यादीचा उत्तरार्ध गोंगाटात ऐकविला असता, स्वच्छ ऐकलेल्या पूर्वार्धातील आकडेच श्रोत्यांना कमी आठवले. स्मरणाकडे जायची शक्ती श्रवणातच खर्ची पडली होती! वृद्ध मनुष्य शब्द ओळखतो आणि तरीही वाक्य हरवून बसतो, किंवा तासाभराच्या गप्पांनंतर थकून आतल्या खोलीत जाऊन पडतो, त्यात विक्षिप्तपणा मुळीच नसतो.

म्हणूनच नीरव खोलीत शुद्ध स्वर ऐकवून केलेल्या तपासणीवरच श्रवणाचा दाखला देण्याची वहिवाट मला अपुरी वाटते. पार्श्वभूमीला कोलाहल ठेवून बोलणे कितपत समजते, याचीही परीक्षा सरकारी इस्पितळांतून सर्रास व्हावयास हवी. न्यायालयात साक्षीदाराने प्रश्न पुन्हा मागितला, तर ती टाळाटाळ न समजता प्रश्न लेखी द्यावा. आणि कचेऱ्यांतील खिडक्यांवर, जेथे काचेपलीकडचा कारकून कागदांत मान घालून बोलतो आणि डोक्यावर पंखा घरघरत असतो, तेथे मोठ्या अक्षरांतील सूचनांची तजवीज व्हावी. घरच्यांना तर पैचाही खर्च नाही: ओरडण्याने शब्द उलट विकृत होतात, तेव्हा पंखा किंवा दूरदर्शनसंच बंद करून, उजेडात समोर बसून, ओठ दिसतील असे सावकाश बोलावे.