चारशे बारा म्हणजे किती टक्के ब्लॉकेज?

हृदयाच्या बाबतीत आपल्याकडे एकच शब्द सगळ्यांना कळतो: ब्लॉकेज. किती आहेत, कुठे आहेत, किती टक्के आहेत. साठीच्या आसपासचे दोन पुरुष लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले, तर ताक येईपर्यंत एकमेकांच्या ब्लॉकेजचे टक्के त्यांना पाठ झालेले असतात. ह्या शब्दात न बसणारा रिपोर्ट हातात आला की आपण तो ठोकूनठाकून त्यातच बसवतो. कॉरोनरी कॅल्शियम स्कोअरचं नेमकं हेच होतंय. हे फक्त नातेवाईक करत असते तर मी लिहायला बसले नसते.

माझ्या बाबांचा स्कोअर ४१२ आला. वय ५९, छातीत दुखत नाही, दम लागत नाही, रोज सकाळी तळजाईची टेकडी चढून येतात. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये हा स्कॅन ‘फ्री’ होता. रिपोर्ट घ्यायला गेलो तर डॉक्टरांच्या आधी भेटल्या हॉस्पिटलच्या कौन्सेलर मॅडम. त्यांनी आकड्याभोवती लाल पेनाने गोल काढला. “अँजिओग्राफी करून घेऊ. काही सापडलंच तर त्याच वेळी स्टेंट. मेडिक्लेम आहे ना काकांचा?” काकांना त्रास काय होतो, हे त्यांनी विचारलंच नाही.

आधी आकडा कशाचा ते पाहू. हा सीटी स्कॅन डाय न टोचता होतो, काही मिनिटांत. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत १३० हाउन्सफील्ड एककांपासून पुढच्या घनतेचे पांढरे ठिपके दिसले, तर तिथे कॅल्शियम साठलंय असं धरतात. ठिपक्याचं क्षेत्रफळ, गुणिले घनतेप्रमाणे १ ते ४, आणि सगळ्याची बेरीज. आर्थर अगॅट्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० साली मांडलेली ही पद्धत. म्हणजे ४१२ ही टक्केवारी नाही. हजाराच्या वर स्कोअर असलेली माणसंही असतात. आणि हे कॅल्शियम भिंतीत आहे. नळी आतून किती अरुंद झाली, हे हा स्कॅन सांगतच नाही.

तो सांगतो ते वेगळं. भिंतींमध्ये चरबीचे थर वर्षानुवर्षं साचत आलेत आणि त्यातले काही आता टणक झालेत. इतके टणक थर आहेत तर मऊ, ह्या स्कॅनला न दिसणारेही असणार. अमेरिकेत २००० साली सुरू झालेल्या मेसा अभ्यासात ६,८१४ लोक होते. २००८ साली त्यातून प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की शून्य स्कोअरवाल्यांच्या तुलनेत ३०० च्या वरच्यांना धोका जवळजवळ दहापट. (त्यात गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे लोक होते, आपण नव्हतो. दक्षिण आशियाई लोकांसाठी नंतर वेगळा अभ्यास सुरू झाला, त्याचं नाव मसाला. खरंच.) तेव्हा ‘काही होत नाही, मशीनवाल्यांचे धंदे आहेत’ असं म्हणणाऱ्या मामांचंही मी ऐकणार नाही. बातमी गंभीर आहे. माझं भांडण त्या बातमीवर दिल्या जाणाऱ्या उत्तराशी आहे.

नळ तुंबला, प्लंबर आला, स्प्रिंग टाकली, सुटलो. हे चित्र इतकं सोपं आहे की ते चुकीचं असेल असं वाटतच नाही. पण बहुतेक हार्ट अटॅक नळी हळूहळू बुजून येत नाहीत. भिंतीतला एखादा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि वाट अचानक बंद होते. फुटणारा थर सर्वांत अरुंद जागीच असेल असं नाही. एका जागी टाकलेली स्प्रिंग बाकीच्या भिंतींचं काय करणार?

हे तपासूनही झालंय. २००७ ची करेज चाचणी, २,२८७ रुग्ण. २०२० ची इस्केमिया चाचणी, ५,१७९ रुग्ण, ३७ देश, आणि त्यात भारतही. दोन्हींमध्ये आजार स्थिर असलेले लोक होते. आधी स्टेंट वा बायपासकडे नेलेल्यांमध्ये, फक्त चांगली औषधं दिलेल्यांपेक्षा मृत्यू आणि अटॅक कमी झाले नाहीत. ज्यांच्या छातीत दुखत होतं त्यांना आराम मात्र जास्त पडला. बाबांचं तर दुखतच नव्हतं.

इथे कोणी म्हणेल, अटॅक आल्यावर स्टेंटने जीव वाचतात. वाचतात, आणि तेव्हा एक मिनिट घालवू नये. चालताना छाती भरून येत असेल, डाव्या मुख्य वाहिनीत अडथळा असेल, तर सगळा हिशोबच बदलतो. स्कोअर बराच मोठा असेल तर लक्षणं नसतानाही काही डॉक्टर स्ट्रेस टेस्ट सुचवतात. तो विचार समजू शकतो. पण लक्षण नसलेल्या माणसाला आकडा दाखवून घाबरवायचं, आत कॅथेटर घालायचा, आणि मग समोर दिसलेलं ६० टक्के तसंच सोडायला कुणाचा हात धजत नाही. बाहेर बसलेल्या बायकोकडून दहा मिनिटांत सही घेतली जाते. २०१७ साली सरकारने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. तो लागतो का, ह्या प्रश्नाला घातली नाही.

घरातली आघाडी आणखी वेगळी. आईने दुसऱ्या दिवसापासून बाबांचं दूध बंद केलं, नाचणीची भाकरी बंद केली, का, तर कॅल्शियम वाढलंय. जेवणातल्या कॅल्शियमचा ह्या साठ्याशी संबंध नाही, हे पटवायला मला आठवडा लागला. तोवर फॅमिली ग्रुपवर पिंपळाच्या पानांचा काढा आणि लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगरचं सरबत येऊन गेलं होतं. आणि गंमत अशी, की काढा घ्यायला सगळे तयार, मॅडमच्या अँजिओग्राफीलाही तयार, पण रोजची एक स्टॅटिनची गोळी म्हटलं की चेहरे पडतात. “आयुष्यभर? किडनी जाईल.”

ही गोळी जनऔषधी केंद्रात काही रुपयांना मिळते. २०१० साली २६ चाचण्यांमधल्या १,७०,००० लोकांचा एकत्र हिशोब मांडला गेला. एलडीएल साधारण ३९ अंकांनी उतरलं की मोठ्या घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. दुष्परिणाम आहेत, काहींचे स्नायू दुखतात, मधुमेहाची शक्यता किंचित वाढते. पण लंडनच्या २०२० च्या सॅमसन चाचणीत, गोळी सोसत नाही म्हणून सोडलेल्या ६० जणांना आलटून पालटून खरी आणि खोटी गोळी दिली, तर त्रासाचा ९० टक्के भाग खोट्या गोळीवरही झाला.

एक सापळा मात्र माहीत हवा. स्टॅटिनने मऊ थर टणक होतात, म्हणून गोळी नीट काम करत असतानाही स्कोअर वाढू शकतो. दरवर्षी स्कॅन करून ‘उतरला का’ बघणारा माणूस तिसऱ्या वर्षी ४१२ चे ५०० पाहून गोळी फेकून देईल. पॅकेज विकणारे दरवर्षीचा स्कॅन आनंदाने विकतील. नजर ठेवायची ती एलडीएल, बीपी, साखर आणि तंबाखूवर.

दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांनी आम्हाला हेच सांगितलं, आणि छातीत दुखलं तर ताबडतोब या म्हणून बजावलं. तीन महिन्यांत बाबांचं एलडीएल १४८ वरून ६६ वर आलं. तंबाखूची पुडी अजून पँटच्या खिशात सापडते. तिच्याबद्दल त्या पॅकेजमध्ये कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. ते पाहून मी आणि भावाने आमचं रक्त तपासलं, लायपोप्रोटीन(ए)सकट. ते बहुतेकांना एकदाच तपासावं लागतं आणि घराण्यातून येतं. मी २९ वर्षांची आहे, माझं एलडीएल १५२ आहे.