कागदाचे चामडे, पण वरचा लेप कशाचा?

जगातले बहुतेक चामडे आज क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते. त्यातले क्रोमियम मूळ रूपात फारसे उपद्रवी नसते. पण प्रक्रिया नीट झाली नाही, तर त्याचे सहा-संयुजी रूप तयार होते. चपलेच्या पट्ट्याखाली नेमका पट्ट्याच्याच आकाराचा खाजरा इसब उठतो, त्यामागे पुष्कळदा हेच असते. कारखान्यात ते वर्षानुवर्षे श्वासातून गेले, तर फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत त्याचे प्रमाण किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे, असा युरोपीय संघाचा २०१५ पासूनचा नियम आहे.

पर्याय म्हणून मिळणारे ‘व्हेगन लेदर’ बहुधा कापडावर चढवलेले पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसी असते, म्हणजे प्लॅस्टिकच. पॉलियुरेथेनचा लेप देताना वापरले जाणारे डायमिथाइल फॉर्ममाइड कामगारांच्या यकृताला अपाय करते. जनावर वाचते, कामगाराचे काय?

या पार्श्वभूमीवर जपानी ‘वाशी’ कागदाच्या चामड्याकडे (नवी मुंबईच्या वाशीशी याचा संबंध नाही) पाहायला हवे. तुतीच्या कुळातल्या कोझो झुडपाच्या सालीपासून तो बनतो. फांद्या हिवाळ्यात छाटतात, बुंध्याला पुन्हा फुटवा येतो. लाकडाच्या लगद्यातले तंतू एक ते तीन मिलिमीटरचे, तर कोझोचे जवळपास सेंटिमीटरभर. ते एकमेकांत गुंतत जातात, म्हणून कागद चुरगळला तरी सहसा फाटत नाही. त्याला कोन्याकूची खळ देऊन चोळले की तो आणखी चिवट होतो. कोन्याकू म्हणजे आपल्या सुरणाच्या भावकीतला कंद. दुसऱ्या महायुद्धात जपानने पॅसिफिकपार अमेरिकेवर सोडलेले बॉम्बचे फुगे याच कागदाचे आणि याच खळीचे होते.

कल्पनाही नवी नाही. एदो काळात इसेच्या देवस्थानाला जाणाऱ्यांना कातड्याचा विटाळ चालत नसे. त्यांच्यासाठी तेल दिलेल्या, चामड्यासारख्या दिसणाऱ्या कागदाच्या तंबाखूच्या चंच्या बनत.

अडचण पाण्याची आहे. कागद घाम आणि पाऊस पितो. ते रोखण्यासाठी कृत्रिम रेझिनचा जाड थर दिला, तर वस्तू पुन्हा प्लॅस्टिकच्याच वाटेला लागते. धड कुजत नाही, धड पुन्हा लगदाही होत नाही. पाकीट, वहीचे वेष्टन यांना तेलाचा किंवा खळीचा पातळ हात पुरेल. बुटांना पुरणार नाही, आणि हातकागदाची किंमतही परवडणार नाही. लेबलवर ‘कागदी’ एवढेच छापून भागत नाही. वरचा लेप आणि मागचे अस्तर कशाचे, हे उत्पादकाने लिहिलेच पाहिजे. अन्नाच्या पाकिटावर घटक छापणे सक्तीचे आहे. दिवसभर अंगाला चिकटून राहणाऱ्या वस्तूला ही सूट कशासाठी?