दुर्बिणीतील रेघा व शेतातील अंतर

रानडुकरांनी गांजलेल्या शेतकरी बंधूंत बंदुकीवरील दुर्बिणीची चर्चा कानी येते. तिच्यातील बारीक रेघांनी जनावराचे अंतर कळून नेम बिनचूक धरता येतो, असे सांगतात. हे अर्धेच खरे आहे; आणि उरलेल्या अर्ध्यात मनुष्याचा जीव गुंतलेला असल्यामुळे हे चार शब्द लिहिणे प्राप्त झाले.

यातील गणित मोजणीच्या कामाशी संबंध आलेल्यास नवे नाही. भूमापकाच्या दुर्बिणीतील वरखालच्या रेघांमध्ये पट्टीचा १ मीटर भाग दिसला, तर पट्टी सुमारे १०० मीटरवर आहे असे धरतात. बंदुकीच्या दुर्बिणीत खुणा पुष्कळदा ‘मिल’च्या असतात. १,००० मीटरवरील १ मीटर वस्तू जेवढी दिसते तेवढा एक मिल. वस्तूची उंची मीटरांत घेऊन हजाराने गुणावी व दिसलेल्या मिलांनी भागावे, म्हणजे अंतर निघते. पाऊण मीटर उंचीचे डुक्कर १० मिल भरले, तर ते ७५ मीटरवर आहे.

परंतु पट्टीवर आकडे असतात, डुकराच्या पाठीवर नसतात. तेच जनावर जोंधळ्यात अर्धे दडून ५ मिल दिसले, तर हिशेब १५० मीटर सांगेल. शिवाय कित्येक दुर्बिणींत चित्र मोठे केले तरी रेघा तेवढ्याच राहतात. त्यांचे माप एका ठरावीक वाढीवरच खरे. अंतर चुकले की नेमही चुकला, कारण गोळी दूर जाईल तसतशी अधिक खाली येते.

सबब आमचे मत असे की, अंतर रात्री रेघांनी काढण्यापेक्षा दिवसा साखळीने मोजून ठेवावे. आपली साखळी ३३ फुटांची. पाच साखळ्या म्हणजे सुमारे ५० मीटर. माळ्यापासून दर पाच साखळ्यांवर चुना फासलेला दगड रोवावा. रेघा ताळा पाहण्यापुरत्या वापराव्या.

याहून मोठी गोष्ट ओळखीची. काय हलते हे पाहण्यासाठी बंदुकीची दुर्बीण कधीही डोळ्यास लावू नये. जिकडे दुर्बीण तिकडे नळी. २०२५ च्या आरंभी पालघर जिल्ह्यात डुकराच्या शिकारीस गेलेल्या टोळीतील एक इसम, डुक्कर समजून, सोबत्याच्याच गोळीने मारला गेला. रात्रीच्या विजेवर पिकास पाणी देणारे शेजारी आपल्या खानापूर तालुक्यातही आहेत. रेघ अंतर सांगेल. पलीकडे कोण आहे ते सांगणार नाही.

कायद्याचेही भान असावे. बंदुकीचा परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे मिळतो. तेवढ्याने जनावर मारण्याचा अधिकार येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये डुकरासाठीही परवानगी लागते. सागरेश्वर अभयारण्याच्या आसपास पिकांत येणाऱ्या हरणांवर तर बंदूक उचलण्याचा विचारही नको.

आमची सूचना एवढीच : परवानाधारकांच्या शेतांत संघाने उन्हाळ्यात एक दिवस साखळी फिरवून दगड रोवून द्यावे, आणि पाणी कोणत्या रात्री कोण देणार हे शेजाऱ्यांनी एकमेकांस आधी कळवावे. दोन्हींस खर्च थोडा आहे.