पोवाडा असताना रॅप कशाला?

शाहिरांच्या मुलखात ही बडबड कशाला, असा सवाल टाकून एका रसिक गृहस्थांनी मराठी रॅपचा एका परिच्छेदात निकाल लावला आहे. त्यांचे म्हणणे असे: रॅप अमेरिकेतून आला, त्याला सूर नाही, त्यात शिव्या आहेत, आणि रहिमतपूर-कोरेगावाकडच्या पोराला तोंड मोकळे करायचेच असेल तर पोवाडा आहेच की. पहिले तीन आक्षेप उभ्या उभ्या उरकता येतात. परकी म्हणून पेटीलाही आकाशवाणीने १९४० मध्ये दार बंद केले होते. आज पेटीवाचून गावचे भजन बसत नाही. सुराचे म्हणाल तर अमृतरायांचे कटाव कीर्तनकार एका दमात कसे म्हणतात ते ऐकावे. शिव्यांबद्दल तमाशाच्या बतावणीवर हसलेल्या माणसाने न बोललेलेच बरे. मिरवणुकीतल्या डॉल्बीचा राग तेवढा त्यांनी रॅपवर काढू नये. त्या स्पीकरच्या भिंतींवर वाजते ते बहुतेक सिनेमाचे गाणे असते.

उरतो तो पोवाडा, आणि खरी मेख इथेच आहे. या गृहस्थांचा पोवाडा म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनात फेटा बांधून म्हणायची वस्तू. पोवाडा असा जन्मलाच नाही. १६५९ मध्ये अफझलखान मारला गेला आणि अज्ञानदासाने त्यावर पोवाडा केला. ऐकणाऱ्यांसाठी ती कालपरवाची घटना होती, इतिहास नव्हता. महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजीमहाराजांवर पोवाडा रचला तो विषयाने जुना, पण भांडण त्या घटकेचे होते: महाराज कोणाचे, हे भटशाहीला ऐकवायचे होते. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी तर स्टालिनग्राडवर पोवाडा केला. वाळवा तालुक्यातल्या माणसाचा व्होल्गाकाठच्या लढाईशी काय संबंध, असे तेव्हाही कोणी रसिक म्हणाला असेलच. अमर शेख आणि गवाणकरांबरोबर त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले ते गिरणी कामगाराची त्या दिवसाची गोष्ट सांगायला, आणि पुढे त्यांच्या तमाशांवर सरकारी बंदी आली तीही त्याच कारणाने. जुन्या पराक्रमांची उजळणी करणाऱ्यावर कोणते सरकार बंदी घालते? उलट त्याला शाल देतात. आता २०२३ कडे पाहा. त्या वर्षी सत्तांतराच्या खोक्यांवर रॅप केला म्हणून राज मुंगासे या तरुणावर गुन्हा दाखल झाला. म्हणजे अण्णा भाऊंच्या वाट्याला आले ते आज कोणाच्या वाट्याला येते, याचा निवाडा निदान पोलिसांनी तरी केलेला आहे. पोवाड्याची ढाल करून रॅपला अडवणारा माणूस पोवाड्याचे फक्त कपडे सांभाळतो. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी तमाशात जाऊन पठ्ठे बापूराव झाले तेव्हा त्यांना वाळीत टाकणारे हेच होते. आता त्यांच्या नावाने गहिवरतात.

हा वाद तसा जुनाच. रहिमतपुरात जन्मलेल्या वसंत कानेटकरांचे वडील कवी गिरीश आपल्या कविता सभेत गाऊन म्हणत, तेव्हा कविता गाण्याने उथळ होते असे सांगणारे होते. मग मुक्तछंद आला, तेव्हा याच पठडीतल्या रसिकांनी यमक नाही तर कविता कसली, म्हणून गळा काढला. आता रॅपमध्ये ओळीओळीला, ओळीच्या पोटातही यमक आहे, तर तो यांना शब्दांचा खुळखुळा वाटतो.

मात्र रॅप म्हणजे आपला पोवाडाच, असे म्हणणाऱ्या हौशी समर्थकांचीही बाजू मला घेता येत नाही. कलगी-तुऱ्यातले सवाल-जवाब आणि दोन रॅपरांची जुगलबंदी यांत साम्य आहे, पण कलगीवाला शक्ती थोर की शिव यावर भांडतो. रॅपर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गल्लीबद्दल बोलतो. हे रॅपचे स्वतःचे आहे, उसने नाही. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कने दोन तबकड्यांवर गाण्यातला ठेक्याचा तुकडा लांबवला. पुढे त्या ठेक्यावर बोलायला ना वादक लागले ना गुरू. आपल्याकडे झिलकरी, ढोलकी, तुणतुणे जमवून फड उभा करणे एकट्या पोराच्या आवाक्यातले नाही, मोबाइल आहे. ‘स्वदेसी’ या रॅपगटाच्या मुंबईकर पोरांनी २०१९ मध्ये आरेच्या जंगलातल्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्हॉल्ट’ केले, आणि जंगलतोडीचे गाऱ्हाणे त्या जंगलात राहणाऱ्याच्या तोंडून ऐकू आले. साताऱ्याकडची बोली आजवर विनोदासाठीच रंगमंचावर बोलावली गेली; रॅपमध्ये ती चिडू शकते. मराठी रॅपमधला बराच माल सोन्याच्या साखळ्या आणि ‘भाऊ’गिरीचा आहे, हे कबूल. लावणीचाही बराच माल टाकाऊच होता. आपण होनाजी ठेवला, बाकीचे विसरलो.

मग पोवाडा मरू द्यायचा का, असे हे गृहस्थ विचारतील. मुळीच नको. त्यांनीच तो जगवून दाखवावा: गेल्या दहा वर्षांतल्या उसाच्या दरावर किंवा भरतीच्या पेपरफुटीवर रचलेला आणि गावाने तोंडपाठ केलेला एखादा पोवाडा पुढे करावा. रॅपचा विचार त्यानंतर करू.